ताईच्या पिस्तुलाचं म्यान

९ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे ह्यांचा खांदा ठीक आहे आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. ऑपरेशनचे टाके निघाले, बोटं छान हलतात. पण हात वर न्यायला आणि जोर लावायला डॉक्टरांनी बंदी केली आहे, म्हणजे बस चालवणं बंद. कायमचं की थोड्या दिवसांसाठी, ते पुढच्या तपासणीत सांगणार आहेत.

इतकी वर्षं उजाडायच्या आत डेपो गाठणारा माणूस आता दिवसभर घरात. मी चहा घेऊन बाहेर आले की म्हणतात, वळण फार जोरात घेतलंस. काल फडताळातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. साखर शोधता शोधता माझा चहा उकळून आटला. हे मी हसण्यावारी नेते. पण डेपोतले सोबती भेटायला आले की हे झोपेचं सोंग घेतात, ते मात्र बघवत नाही.

वन्सं, ह्यांच्या हाताला काहीतरी काम द्या. मी सांगितलं तर ऐकायचे नाहीत, तुम्ही सांगितलं तर नाही म्हणायचे नाहीत. आणि मी लिहिलं हे कळू देऊ नका.

माया पातळ होऊ देऊ नये.
आपली,
भावजय


१६ नोव्हेंबर

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशी उलटली तरी मी तुला भोंग्याच म्हणणार. पाळण्यातला तो आवाज मी ऐकलेला आहे, बसचा भोंगा त्यापुढे काहीच नाही.

खांदा कसा आहे? माझं विचारशील तर माझी परवा शाळेच्या मैदानावर भर दुपारी शोभा झाली. सराव-शर्यतीसाठी मुली रेघेवर वाकून तयार, मी पिस्तूल काढायला ट्रॅकसूटच्या खिशात हात घातला, तर घोडा खिशाच्या अस्तरात अडकला. ओढलं तसं अस्तरासकट बाहेर आलं, बरोबर रुमाल आणि खडूचे तुकडे. बार व्हायच्या आधीच दोघी धावत सुटल्या आणि बाकीच्या हसून लोळल्या. माझं पिस्तूल नुसतं आवाजाचं आणि धुराचं, पण शर्यत सुटते ती त्याच्यावर.

एरवी मीही हसले असते. पण डिसेंबरात सगळ्या शाळांच्या स्पर्धा आहेत आणि या वर्षी पहिल्यांदाच शर्यती सोडायचं काम मला मिळालंय. पलीकडच्या शाळेतले खेळाचे सर, ज्यांना मुलं शिट्टीमास्तर म्हणतात, ते समितीला सांगत फिरतायत की बाईंचं पिस्तूल खिशातून निघेपर्यंत माझी शिट्टी वाजूनही होते. पुन्हा फजिती झाली तर काम त्यांच्याकडे जाणार.

दुकानात चामड्याचं होल्स्टर बघितलं. ते खऱ्या, दांडग्या पिस्तुलांसाठी असतं. माझं त्यात घातलं तर बापाच्या बुटात पाय घातलेल्या पोरासारखं डुगडुगतं. म्हणून तूच मला एक साधं म्यान करून दे, पट्ट्यात ओवता येईल असं. तुला येत नाही हे मला माहीत आहे. बस तरी कुठे येत होती? खाकी कागदावर पिस्तुलाची आकृती काढून सोबत पाठवते, जाडी आणि पट्ट्याची रुंदी कडेला लिहिली आहे. डॉक्टरांना विचारून मग हात लाव.

वहिनीला छळू नकोस. माया आहे, ती उसवू देऊ नकोस.
तुझी,
ताई


२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी मला सांग, ही हिची कारवाई आहे ना? कारण तुझं पत्र आलं त्या दिवशी हिने एकदाही विचारलं नाही की ताईने काय लिहिलंय. असो. मी ड्रायव्हर आहे, चांभारकाम माझ्या बापजन्मात केलेलं नाही, असं चार ओळींचं पत्र तुला लिहायला घेतलं होतं. मग तुझ्या आकृतीकडे बघत बसलो आणि पत्र राहून गेलं.

कोपऱ्यावर एक बाई कमरेचे पट्टे बनवतात. त्यांनी कमावलेल्या चामड्याचा उरलेला तुकडा दिला, भोकं पाडायची आरी दिली आणि वर बजावलं की चामड्यात पडलेलं भोक बुजत नाही, तेव्हा आधी कागद, मग पुठ्ठा आणि मगच चामडं. मी कागदाची सहा म्यानं केली. हिने विचारलं, एवढ्या पिशव्यांत काय भरायचं आहे?

पिस्तूल तुझ्याकडे, म्हणून खोक्याच्या फळीतून एक लाकडी पिस्तूल कोरलं. घासून गुळगुळीत झालं का ते बघायला उजेडात, म्हणजे गॅलरीत गेलो आणि एक डोळा मिटून त्याच्या नळीवरून नजर लावली. समोरच्या आजी कपडे वाळत घालत होत्या. आता त्या कपडे मागच्या बाजूला वाळत घालतात. हिने जाऊन समजावलं, तरी माझ्याकडे बघून त्या जरा जास्तच नम्रपणे हसतात.

शिवण एका दोऱ्याची, पण दोन्ही टोकांना सुया. दोन्ही सुया एकाच भोकातून, एक इकडून, एक तिकडून. अरुंद पुलावर समोरासमोर दोन बस आल्यासारखं वाटतं, पण एक जरा थांबली की दुसरी निघून जाते. कोपर टेबलावर टेकवून शिवतो, त्यामुळे खांद्याला ताण नाही. काल जेवायला बोलवायला ही दोनदा आली म्हणे. मला पत्ताच नाही.

डॉक्टरांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. आठवण आहे तशीच राहू दे.
तुझा,
भोंग्या


३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

म्यान दुकानातूनच घे. माझं बिघडलं.

शिवण पुरी झाली, ओलं करून लाकडी पिस्तुलावर दाबून वाळवलं, कडा घासल्या. मग माझ्याच पट्ट्यात ओवून उजव्या कमरेला लावलं, तर पिस्तुलाची मूठ उलटी. मी नमुना चामड्याच्या खरखरीत बाजूवर ठेवून आखला होता. शिवताना ती बाजू आत जाते, त्यामुळे सगळं आरशात दिसावं तसं उलटं झालं. डाव्या कमरेचं म्यान झालं आहे. आता उसवून उपयोग नाही, भोकं पडली ती पडली.

सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. गाडी चालवायची नाही म्हणाले, आता कधीच नाही. डेपोत बसून करायचं काम मागा म्हणाले.

जास्त लिहीत नाही. स्पर्धा नीट कर.
भोंग्या


४ डिसेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

सोबतचं पार्सल ह्यांना न विचारता पाठवते आहे. ह्यांनी ते काल कचऱ्याच्या डब्यात टाकलं, वर माझी वाटाण्याची टरफलं पडली. मी काढून पुसलं, रात्रभर वाऱ्यावर ठेवलं. वास राहिला असेल तर माफ करा.

उलटं झालं आहे हे मलाही कळतं. पण शिवण बघा. पहिले चार टाके वेडेवाकडे आहेत, नंतरचे कसे एका ओळीत बसले आहेत. ते शिवत होते तितके दिवस ह्यांनी माझ्या एकाही डब्याला हात लावला नाही. डॉक्टरांकडून आल्यावर खिडकीशी बसून राहिले. मीही शेजारी बसले. दुसरं काय करणार?

तुमच्या उपयोगाचं नसलं तरी टाकू नका, कुठेतरी ठेवा. आमची आठवण उबदार असू द्या.
आपली,
भावजय


१७ डिसेंबर

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तू माझा भाऊ आहेस, की शेजाऱ्यांनी आणून ठेवलेला? मी डावरी आहे!

आईने लिहायला-जेवायला उजव्या हाताची सवय लावली, म्हणून तुम्हा सगळ्यांना वाटलं डावा गेला. पण फेकायचं, नेम धरायचा, बार काढायचा तो मी डाव्यानेच. लहानपणी तुला फेकून मारलेली एकेक चप्पल डाव्या हाताची होती. तू पाठमोरा पळत असायचास, तुला कुठून दिसणार? पत्रात लिहायला हवं होतं, पण स्वतःच्या हाताबद्दल कोण लिहितं? तू नीट केलं असतंस तर मला निरुपयोगी म्यान मिळालं असतं आणि ते मी तुला वाईट वाटू नये म्हणून मुकाट्याने लावलं असतं.

वहिनीने पार्सल पाठवलं. तिच्यावर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे. आणि हो, कारवाई तिचीच होती. फाटलेला खिसा मात्र माझा.

स्पर्धा परवा झाल्या. सकाळी पिस्तूल घातलं तर घट्ट बसलं, हलेना. मग अंगठ्याने कडेला जरा दाबलं आणि असं सरळ हातात आलं की मलाच दचकायला झालं. पहिल्या शर्यतीला शिट्टीमास्तर माझ्या मागेच उभे होते, शिट्टी ओठांत धरून. मुली वाकल्या, मी हात वर केला, बार निघाला आणि सगळ्या एकदम सुटल्या. एकही आधी नाही, एकही मागे नाही. दिवसभर तसंच. संध्याकाळी मास्तरांनी म्यान हातात घेऊन बघितलं आणि कुठून आणलं ते विचारलं. मी सांगितलं, माझ्या भावाने शिवलं. त्यांना शिट्टीसाठी एक लहानसं हवं आहे. मी म्हटलं, विचारून सांगते. उगाच आपला भाव कशाला उतरवायचा?

गाडी सुटली त्याचं वाईट वाटत असेल. वाटू दे, घाईने गोड मानून घेऊ नकोस. मीही पत्र वाचून रडले. पण झोपेचं सोंग पुरे कर. ते लोक खांदा बघायला येत नाहीत, तुला बघायला येतात.

माया कमरेला बांधून आहे, डावीकडे.
तुझी,
ताई


८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचून दाखवलं आणि चपलेच्या ओळीला आम्ही दोघंही थांबलो. पुढचं बऱ्याच वेळाने वाचलं. मास्तरांच्या शिट्टीचं म्यान सोबत आहे. नमुना या खेपेला तीनदा फिरवून बघितला.

मागच्या सोमवारी डेपोत गेलो, बैठं काम मागायला. साहेबांनी चौकशीच्या खिडकीत बसा म्हणून सांगितलं. दिवसभर लोकांना दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगायच्या; मी हो म्हणालो, पण घशाखाली उतरेना. निघताना सोबत्यांनी चहाला वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे सीटांचा ढीग पडला होता, फाटलेल्या, कापूस बाहेर आलेल्या. शिवणारा माणूस मुलाकडे राहायला गेला म्हणे. चहा होईपर्यंत म्हणून मी एक सीट मांडीवर घेतली. चहा तसाच निवला.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, येतं का? मी म्हटलं, डाव्या बाजूचं उत्तम येतं. त्यांना काही कळलं नाही, पण काम दिलं. गुरुवारपासून जातो. डबा घेऊन, पूर्वीसारखा, फक्त उजाडल्यावर.

काल माझ्याच गाडीची ड्रायव्हरची सीट आली. पाठीकडचा भाग माझ्या पाठीने पार खोल गेलेला. बराच वेळ तशीच समोर ठेवून बसलो. मग जुनं कव्हर काढलं, नवा कापूस भरला, दोन सुयांनी शिवली आणि स्वतः जाऊन गाडीत बसवली. गाडी आता एका नव्या पोराकडे आहे, भला वाटला. त्याने बसून बघितलं, मागे-पुढे सरकला आणि जरा संकोचाने म्हणाला, "काका, टणक लागतेय."

मी म्हटलं, "बसत जा. होईल तुझ्या पाठीची."

मग तो गाडी घेऊन गेला. मी फाटकापर्यंत गेलो होतो.

हिचे डबे आता तिच्या मनासारखे आहेत. सुटीत ये. आम्हा दोघांवर माया राहू दे.
तुझा,
भोंग्या