अंतऱ्यावरचं नाव

रत्नागिरी, १२ मार्च १९८६

प्रिय दादा,

तू बोटीवरून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर आप्पांनी भजनाची नवी चाल गायली, पण अंतरा राहून गेला आणि तेही गेले. टेप ऐकत मी स्वरलिपी उतरवली. अंतऱ्यासाठी चार दिवस सूर लिहीत होते, खोडत होते. शेवटी तो मीच रचला आणि वहीवर आप्पांचंच नाव घातलं.

काल देवळात भजनी मंडळाने ती चाल म्हटली. पखवाज बाजूला ठेवून भागोजीकाका म्हणाले, "दमू, अंतऱ्यात तुझे आप्पाच बोलतायत गो!"

मी हसून वही पिशवीत घातली. तेव्हापासून खोटं डाचतंय, त्याहून जास्त डाचतंय ते माझं नाव कुणी घेतलं नाही हे.

आज अंतऱ्यापुढे शाईने 'दमयंती' लिहिलं. हे पत्र इतक्यात टाकत नाही. आधी वही मंडळात नेऊन देते.

तुझी,
दमू