पिनबॉल सुखरूप पोचवायची चौतीस कलमं

सोमवार, ३ मार्च

बाबांच्या कमरेचा एक्स-रे आला. डॉक्टर म्हणाले, ट्रक चालवा, पण वजन उचलायचं नाही. बाबा म्हणाले, मग काय नुसता हॉर्न वाजवत बसू? काकांनी दुपारपर्यंत ट्रकला गिऱ्हाईक शोधलंसुद्धा. महिनाअखेरपर्यंत कायमचं काम मिळालं नाही तर ट्रक विकायचा, असं ठरलं. आई रडली. मला काहीच वाटलं नाही. म्हणजे डोकं शांत आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून ती जबाबदारी माझीच. आजपासून धंद्याचं मॅनेजमेंट मी बघणार. बाबांना उद्या सांगेन.

बुधवार, ५ मार्च

काम मिळालं! बाजारातलं जुनं गेम पार्लर बंद होतंय. तिथली बारा पिनबॉल मशीनं दोनशे किलोमीटरवरच्या नव्या हॉलमध्ये न्यायची आहेत. काचेखाली स्टीलच्या गोळ्या उडवायचा तो खेळ. चार पाय, मागे उभं डोकं, डोक्यावर चित्र. हॉलच्या मेकॅनिक बाईंची अट एकच: आधी एक मशीन आणून दाखवा. सुखरूप आलं तर उरलेली अकरा तुमची, आणि पुढे हॉलचं सगळं सामान तुमच्याच ट्रकने.

ट्रक वाचला. काकांना फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, आधी पोचव तरी. काही लोकांचा स्वभावच असा.

शुक्रवार, ७ मार्च

नियमावली तयार. चौतीस कलमं. चौदावं: डोकं मिटून खाली घेताना मधे ब्लँकेट. एकोणिसावं: ताब्यात घेताक्षणी मशीनच्या दारावर आणि काचेवर कागदी सील, त्यावर तिघांच्या सह्या, सील फक्त घेणाऱ्यासमोर तुटेल. परीक्षेच्या पेपरांचं असंच असतं. हे कलम मला स्वतःला फार आवडलं.

घरातली सगळी ब्लँकेटं बाजूला काढली. आई म्हणाली, मशीनला गुंडाळ हो, आम्ही आपली वर्तमानपत्रं पांघरतो.

बाबांना नियमावली वाचून दाखवली. सहाव्या कलमाला झोप लागली. हरकत कशालाच घेतली नाही, म्हणजे मंजूर.

रविवार, ९ मार्च

आज तालीम होती. पैलवान आले नाहीत. हे बाबांकडचे हमाल, बावीस वर्षं झाली. वजन पन्नासच्या आत, पण गोदरेजचं कपाट एकटे जिन्यावरून उतरवतात. त्यांना नियमावलीची प्रत पाठवली होती. निरोप आला, ताई, चष्मा सापडला की वाचतो.

त्यांना चष्मा आहे, हे आजच कळलं.

मंगळवार, ११ मार्च, सकाळी १०.४०

लोडिंग झालं. सील ९.०५ लाच लावलं, सह्या घेतल्या. मग डोक्याचे बोल्ट सोडले, डोकं ब्लँकेटवर मिटलं, पट्ट्याने बांधलं. पाय काढले. मशीन पाठीवर उभं करून ट्रॉलीने चढवलं, चारी बाजूंनी आवळलं. चौदावं कलम अगदी पुस्तकात दाखवावं असं झालं.

एवढ्यात पैलवान म्हणाले, ताई, आतल्या गोळ्या काढल्या ना?

मी समजावलं की यादीत ‘मशीन, गोळ्यांसह’ असं लिहिलंय. वेगळ्या काढल्या तर हरवतील. शिवाय सील झालंय. ते म्हणाले, अहो, मशीन उभं केलं की त्या आत सुट्या होतात, सील काय, परत चिकटवू. मी म्हटलं, परत चिकटवलेल्या सीलला काय अर्थ? त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी सीलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, तिनं लिहिलंय ना, मग असेल काहीतरी. राहू दे.

पैलवान म्हणाले, बरं बुवा, आम्ही कुठे कॉलेजात गेलोय.

माझ्या शिक्षणाची त्यांना कदर आहे. बरं वाटलं.

दुपारी १.१५

जेवायला थांबलोय. मशीनमधून आवाज येतोय. बाबा दोनदा म्हणाले, उघडून बघू या का? पैलवान म्हणाले, बघायचं काय त्यात, गोळ्या एकट्याच खेळतायत. मी सांगितलं की आवाज सारखाच येतोय, म्हणजे आत काही बिघडलेलं नाही. बाबांनी तेव्हापासून ट्रक तिसऱ्या गिअरच्या वर नेलेला नाही. मागून सगळे हॉर्न देतायत.

सायंकाळी ६.३०

पोचलो. बाहेरून एक ओरखडा नाही. सील शाबूत.

मेकॅनिक बाई साठीच्या असतील. त्यांनी सील माझ्यासमोर तोडलं, काच सरकवली. आतली रंगीत प्लास्टिकं फुटलेली. दिव्यांचा चुरा. गोळ्या जिच्यावर पळतात त्या रंगवलेल्या फळीवर जागोजागी खळगे. बाईंनी तळातून तीन गोळ्या काढल्या, तळहातावर धरल्या आणि विचारलं, या कुणी आत ठेवल्या?

बाबा म्हणाले, मी. विसरलो काढायला. वय झालं आता.

पैलवान छताकडे बघत राहिले. मी एकोणिसावं कलम समजावून सांगणार होते, पण मोठी माणसं बोलत असताना मधे बोलणं बरं दिसत नाही. मला काही वाटलं नाही. हात गार पडले होते, पण हॉलमध्ये एसी होता.

गुरुवार, १३ मार्च

कलम १९ (अ): सील लावण्यापूर्वी गोळ्या काढाव्यात. आता नियमावली परिपूर्ण.

मेकॅनिक बाईंचा फोन आला. उरलेली अकरा त्यांनी दुसऱ्याला दिली. म्हणाल्या, वडिलांना सांग, राग नाही माझा. माणूस सज्जन आहे, पण विसराळू माणसाच्या हातात नाजूक वस्तू कशी देऊ? मी खरं काय ते सांगणारच होते, पण फोन कट झाला. दोन मिनिटांनी.

बुधवार, २६ मार्च

बाईंना फोन करून सगळं सांगायचं ठरवलं. काय बोलायचं ते मुद्देसूद लिहून काढलं. सकाळी त्या कामात असतील. दुपारी जेवत असतील. संध्याकाळी अशा विषयावर फोन करणं योग्य नाही. उद्या नक्की.

बाबा हल्ली गाडी धुताना पाण्याचा पाइप हातात धरून नुसते उभे राहतात. पाणी वाया जातं. सांगायला हवं.

सोमवार, ३१ मार्च

गिऱ्हाईक सकाळी आलं. काका बरोबर होते. ट्रकची कागदपत्रं मी काल फाइलमध्ये तारीखवार लावली, रंगीत खुणा घातल्या. गिऱ्हाईक म्हणालं, इतके नीट कागद आजवर कुणाकडे पाहिले नाहीत. बाबा म्हणाले, मुलगी ग्रॅज्युएट आहे आमची. थोड्या वेळाने परत म्हणाले. पैलवान चष्मा पुसत होते.

गिऱ्हाईक फाइलसकट कागद घेऊन गेलं. फाइल नवी होती.

आमची गल्ली अरुंद, ट्रक उलटाच बाहेर काढावा लागतो. बाबा मागे उभं राहून हात दाखवत होते. येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडे, येऊ द्या. ट्रक रस्त्याला लागला, वळला, दिसेनासा झाला. बाबांचा हात तसाच हलत होता. येऊ द्या, येऊ द्या.

मी त्यांना थांबवलं नाही.