हात लावायचा बंब

ता. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू बनवलेला छोटा आगीचा बंब नीट पोचला. यांची नजर गेल्यापासून यांनी स्वतःहून मागून हातात घेतलेली ही पहिली वस्तू. चाकं चाचपली, टाकी चाचपली, हात शिडीपर्यंत गेला आणि शिडी कट्‌कन मोडली.

तेव्हापासून हे कशालाच हात लावत नाहीत. पाण्याचा पेलासुद्धा मीच हातात द्यायचा. जन्मभर खरा बंब चालवलेला माणूस म्हणतो, "या हातांना आता फक्त मोडणं येतं." दादा, मला हे बघवत नाही. बंब परत पाठवतेय, न मोडणारी शिडी करून दे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
धाकटी

ता. १९ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

रडूबाई, डोळे पूस. मी बंब कपाटात ठेवून बघायचा म्हणून केला, हाताळायचा म्हणून नाही, चूक माझीच. न मोडणारी शिडी मला जमायची नाही, पण निघणारी जमते. शिडी, छत, दारं, सगळं सुटं केलंय. प्रत्येकात मसुरीएवढी लोहचुंबकं बसवली आहेत. जरा जोर लागला की भाग हातात येतो, जागेजवळ नेला की आपोआप बसतो.

एक घोळ झालाय. चुंबकांच्या समोरासमोर येणाऱ्या बाजूंवर मी पेनाने ठिपके देतो. चिकटवण्याआधी सवयीने सगळं स्पिरिटने पुसलं, त्यात ठिपकेही गेले. डाव्या दारात चुंबक उलटं बसलं आणि आता दार जवळ नेलं की पळ काढतं. तुझी वहिनी म्हणते, तुमच्या घराण्याचंच दार ते. उकरताना माझा हात थरथरतो, रंग जाईल म्हणून तसंच पाठवतो. मेहुणेबुवांना आधीच सांग, नाहीतर तो दोषही स्वतःवर घेतील.

आठवण ठेवून लिहीत जा.
तुझा,
दादा

ता. २ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बंब पोचला. यांनी हात लावावा म्हणून मला दोन दिवस विनवण्या कराव्या लागल्या. मग शिडी निघाली, बसली, पुन्हा निघाली. मी दाराचं सांगणार तोवर हे दारापाशी पोचलेही होते. दार सारखं उडत होतं आणि माझा जीव टांगणीला. तर हे चक्क हसले. म्हणाले, "दादांचा हात चुकलाय. हे चुंबक उलटं आहे." बारीक सुरी मागून घेतली, बोटांनी अंदाज घेत चुंबक स्वतः उकरलं, फिरवलं. गोंदाचा थेंब तेवढा मी टाकला. रंग जराही गेला नाही, हे तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय.

काल दुपारी हे एकटेच स्वयंपाकघरात गेले. खळ्ळकन आवाज झाला. कप फुटला, हे कळूनही मी जागची हलले नाही. आता पुन्हा सगळं संपलं, असंच वाटलं मला. तर आतून हाक आली, "दुसरा कप कुठे ठेवलास?"

मी बसल्या जागेवरून सांगितलं. चहा जरा अगोड होता, मी रडत रडत सगळा प्यायले.

वहिनीला नमस्कार. असाच पाठीशी राहा.
तुझी,
धाकटी