दोन बटनांचा कंट्रोलर

प्रिय दादा,
जय भीम.

काल पुण्याहून गिटारचा आवाज बदलणाऱ्या प्रोसेसरसाठी पायाने दाबायचा कंट्रोलर आणला. साधा, दोन बटनांचा. तू सांगितला होतास तोच. ही बातमी तुझ्याशिवाय कुणाला सांगू? घरात बाकी कुणाला त्यातलं काय कळतंय? म्हणून लिहायला बसलो.

चार वर्षांपूर्वी आपण दोघं त्याच दुकानात गेलो होतो, आठवतं? तुझ्या गायन पार्टीत मी नुकता वाजवायला लागलो होतो. हात तारांवर अडकलेले असतात, तेव्हा आवाज बदलायचा तो पायाने, हे मी तुला एसटीत समजावलं होतं. दुकानात मात्र मी दहा बटनांच्या फळीवर भाळलो. तू म्हणालास, "मिल्या, लई बटनं कशाला? पाय हाय तुजा, हात न्हाई. अन् बूट काढून दाबून बघ."

दुकानदार हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चकाचक दुकानात बूट काढायचे? मी बूट घालूनच टकाटक बटनं दाबली आणि दहावाली फळी बांधून घेतली.

सोनईच्या जयंतीत तुझं म्हणणं कळलं. स्टेजवर तसबिरी मांडलेल्या, म्हणजे पायताण खाली काढूनच वर चढायचं. जन्मभर तसंच चढलो, आणि दुकानात नेमकं तेच विसरलो! ती बारीक लोखंडी बटनं अनवाणी पायाला खुपत होती. तुझ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला माझा अंगठा भलत्याच बटनावर पडला आणि गिटार मुकी झाली. तू मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. नुसत्या ढोलकीवर कडवं ओढून नेलंस.

खाली उतरल्यावर माझ्या कानाशी इतकंच म्हणालास, "दोनाचं घेतलं अस्तं तर?" एवढ्यावरून मी तोंड फिरवलं. पार्टी सोडली आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात शिरलो. तिथे बूट घालता यायचे ना!

तुझंही चुकलंच थोडं. केडगावात राहायचास, माझ्या खोलीपासून सायकलवर अर्धा तास. एकदा येऊन माझा कान धरला असतास तर काय बिघडलं असतं? मी वाट पाहत होतो रे. तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कोपरगावला कुणाच्या तरी लग्नात बूट घालून वाजवत होतो.

परवा वहिनी आल्या. म्हणाल्या, "सोनईची मानसं बोलवायला आल्ती. ह्यांचं गानं तुमी वाजवा, भावजी. गानारं कुनी नसलं तरी चालंल." मी हो म्हणालो आणि सकाळच्या गाडीने पुणं गाठलं.

या खेपेला दुकानात बूट काढले, मोजेही काढले. दुकानदार बघत राहिला. एक बटन पुढचा आवाज आणतं, दुसरं दाबून धरलं तोवर गिटार बंद. दोन्ही न बघता तळव्याला सापडतात. "बरंय का?" असं विचारायला मी शेजारी वळलो. तिथे तू नव्हतास. फार आठवण आली.

दादा, जयंतीला अनवाणी चढेन. पहिलं कडवं नीट वाजवेन. दुसऱ्याला मात्र ते दुसरं बटन दाबेन, या वेळी मुद्दाम. नुसती ढोलकी चालू राहील. तेवढं कडवं तुझं. ते संपेपर्यंत मी पाय उचलणार नाही.

तुझा धाकटा,
मिलिंद