रस्त्याचा पडदा

सांगली,
सोमवार, ता. ९ डिसेंबर १९४६

तीर्थरूप दादासाहेब यांस,

धाकटी विजयमाला पायांवर डोके ठेवते. मी बरी आहे. वहिनीसाहेबांचे गुडघे या थंडीत फार धरतात का? ओढ्याकडचा ऊस तुटला का? तांबडी गाय व्याली असेल. कालवड झाली की खोंड, तेही कळवावे.

तुमचे पत्र येऊन बरेच दिवस झाले. लगेच उत्तर लिहिले नाही, राग धरू नये. नाथाजीचे चित्र कुठवर आले असे तुम्ही विचारता. लेकाचे चित्र संक्रांतीच्या आत सोप्यात लागावे, वर्दीतले असावे, छातीवर बिल्ले असावेत, नजर समोर असावी. चित्र लागले, त्याला हार पडला, की शालूचे काय ते उरकून घेता येईल, असेही लिहिले आहे. 'काय ते' म्हणजे काय, हे तुम्ही लिहिले नाही. आपल्याकडे भिंतीवर नवऱ्याच्या चित्राला हार आणि घरात बायकोच्या कपाळाला कुंकू, असे चालत नाही, हे मला सांगायला नकोच.

चित्राबद्दल लिहिते. पण ती हकिगत गेल्या शनिवार-रविवारच्या धामधुमीत अडकली आहे, म्हणून आधी ती सांगते.

पेठेतले एक नाटकगृह सिनेमामुळे बंद पडले आहे. आम्ही चित्रकारांनी ते मालकाकडून दोन दिवसांपुरते मागून घेतले आणि प्रदर्शन भरवले. आम्ही म्हणजे कोण? मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी मी. गणपती घडवणारा ज्योतिबा. फोटोंना रंग भरणारे, दुकानांच्या पाट्या रंगवणारे असे आणखी काही जण. आणि सगळ्यांच्या वर आमचे याकूबभाई. त्यांनी उभे आयुष्य नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. आता कंपन्या बसल्या, म्हणून सिनेमाचे फलक रंगवतात.

शनिवारी सकाळी जाऊन पाहतो तो भिंतींना ओल. चित्रे लावली असती तर बुरशीसकट परत न्यावी लागली असती. याकूबभाईंनी माळ्यावरून आपला जुना रानाचा पडदा काढला, रंगमंचावर सोडला आणि त्याच्यापुढे आडवे बांबू बांधून चित्रे टांगायला घेतली. ज्योतिबाने मातीची एक पाणी भरणारी बाई घडवून आणली होती. तिच्यावर ओले फडके टाकत तो ओरडला, "याकूबभाई, तुमचं रान वर घ्या! माझी बाई दिसंना झालीया त्यात."

"दिसंना तेच बरं हाय गड्या. नाक बघ तिचं. लपू दे रानात."

असे दिवसभर चालले होते. कुणाची दोरी तुटली, कुणाचे चित्र उलटे लागले, एका पाटीवाल्याने आपल्या देखाव्याखाली सवयीने दुकानाचा पत्ता लिहून टाकला होता. मला फार बरे वाटत होते, दादा. शाळेत मी 'चित्रकलेच्या बाई' असते. इथे कुणीही मला "बाई, जरा सरका" म्हणत होते.

मी दोन चित्रे नेणार होते, दोन्ही नदीच्या घाटावरची. निघताना मनाशी बराच वेळ भांडले आणि तिसरे टांग्यात ठेवले. ते नाथाजीचे.

म्हणजे चित्र झालेले आहे. रंग मिळत नाहीत, तेल वाळत नाही, असे मी तुम्हाला लिहीत राहिले. रंग मिळत नाहीत हे खरे आहे. तेल मात्र दिवाळीच्या आधीच वाळले होते.

पण तुम्ही सांगितले तसे ते नाही. लढाईच्या दिवसांत पेठेतल्या चित्रकारांकडे वर्दीतली धडे रंगवून तयारच असत. गावोगावचे बाप फोटो घेऊन येत आणि फक्त तोंड भरायचे राहत असे. याकूबभाईंनी मलाही एक आणून दिले होते. "धड तयार हाय बाई, तोंड तेवढं तुमी भरा." बिल्ले सुरेख होते, पितळ चमकावे तसे. मी कितीदा तरी त्याच्यासमोर बसले. त्या गळपट्ट्यावर आपल्या नाथाजीची मान बसेना. शेवटी कॅनव्हास परत दिला आणि आठवणीतून दुसरे काढले. आपल्या सोप्याच्या पायरीवर बसला आहे. खाकी सदरा, बाह्या वर सारलेल्या. पायाची लष्करी पट्टी हातात आहे, अर्धी पोटरीवर, अर्धी पायरीवर. मान खाली आहे पण डोळे वर, आपल्याकडे. शेवटच्या रजेवरून निघताना मी त्याला असा पाहिला होता.

शनिवारी दुपारी याकूबभाईंनी ते नेमके पडद्यावरच्या रानाच्या मधोमध टांगले. मलायाच्या रानात बेपत्ता झालेला पोर पुन्हा झाडीत बसलेला पाहून मला जे वाटले ते लिहीत नाही. मी बांबूची गाठ आवळत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "आत्याबाई."

शालू उभी होती. बरोबर तिचा भाऊ सिद्धू.

तुम्ही तिला खंडाळ्याला माहेरी म्हणून पाठवले. सिद्धू न्यायला आला तेव्हा तीही तेच म्हणत होती. कराडच्या स्टेशनात तिने त्याला सांगितले की आधी सांगलीला. तो नको म्हणाला असेल. पण बहिणीचा चेहरा बघून त्याने तिकिटे काढली. त्याच्यावर रागावू नका.

मी तिला बोलावले नव्हते.

हे लिहिले आणि पेन थांबले, कारण हे अर्धेच खरे आहे. मागच्या महिन्यात मी वहिनींना लिहिले होते की प्रदर्शन भरणार आहे, कदाचित नाथाजीचे चित्रही लावीन. वहिनींना पत्रे कोण वाचून दाखवते हे मला ठाऊक होते. आता विचार करते की ते वाक्य मी नेमके कुणासाठी लिहिले? वहिनींसाठी नव्हते.

शालू चित्रासमोर पुष्कळ वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "हे आल्यावरचं हाय. पट्टी सोडत्यात."

मी म्हटले, "नाही ग, बांधतोय. निघतानाचे आहे."

"न्हाई आत्याबाई. जाताना त्येंचं त्वांड असं कवा नसायचं."

मी चित्राकडे पाहिले. हाताने मी काय काढून ठेवले होते, मला कळेना.

तिचे लक्ष आता मागच्या पडद्याकडे गेले होते. तिने याकूबभाईंना विचारले, "मलायातलं रान असंच असतंय का वं?"

याकूबभाई हातातली दोरी गुंडाळत होते. त्यांना आमच्या घरचे सगळे माहीत आहे. ते म्हणाले, "पोरी, म्या मिरजंच्या फुडं कवा गेलो न्हाई. ह्ये रान नाटकातलं. राम जाऊ दे, दरोडेखोर येऊ दे, समद्यांस्नी ह्येच." मग हळूच, "दुसरा सोडू का? महाल हाय, देऊळ हाय, रस्ता हाय."

"रस्ता सोडा," शालू म्हणाली.

पडदा बदलायचा म्हणजे टांगलेले सगळे उतरवायचे. माणसे दमलेली, संध्याकाळी लोक येणार. मी म्हणणार होते की राहू द्या. पण ज्योतिबा आधीच बांबूला हात घालून म्हणाला, "उतरवू की! तुमचं रान मला न्हाई तरी नगंच हुतं." याकूबभाईंनी त्याला एक शिवी हासडली आणि माळ्यावर चढले. रस्त्याच्या पडद्याचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. शालूने सुईदोरा मागून घेतला आणि मांडी घालून तो शिवला. आपल्या घरची सून परक्या माणसांत जमिनीवर बसून पडदा शिवते आहे, हे तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. सिद्धूही घुटमळत होता. पण दादा, इतक्या दिवसांत तिचे खांदे सैल झालेले मी पहिल्यांदा पाहिले.

पडदा सुटला. दोन्ही बाजूंना कौलारू घरे, एक दिव्याचा खांब, मधून मागे निमुळता होत गेलेला धुळीचा रस्ता. चित्र पुन्हा टांगले. त्या रस्त्याने चालत येऊन नाथाजी नुकताच टेकला आहे असे दिसू लागले.

मी ते जातानाचे काढले होते, दादा.

आता रविवारचे. दत्तजयंती होती आणि रात्री चंद्रग्रहण, म्हणून आम्ही दिवे लागायच्या आत बंद करायचे ठरवले होते. माणसांची रीघ लागली होती. घाटावर दर्शनाला निघालेली खेड्यापाड्यांची माणसे वाटेत आत डोकावत होती. मातीच्या बाईला एका म्हातारीने हात जोडले, तेव्हापासून ज्योतिबा हवेत होता. शालू चित्राशेजारी एका खोक्यावर बसून होती.

एक पेन्शनर हवालदार आले. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, हातात दत्ताला घालायचा झेंडूचा हार. नाथाजीच्या चित्रासमोर ते थबकले. टाचा जुळवून सलाम केला. आणि कुणाला काही कळायच्या आत पुढे होऊन त्यांनी तो हार चित्राच्या चौकटीला घातला.

त्यांचे काय चुकले? आपल्या भागात शिपायाचे तैलचित्र होते ते तो गेल्यावरच. जिवंत शिपायाचे कोण काढून घेतो?

मला आधी वाटले, ही आता कोसळेल. आणि लगेच वाटले, आता माझ्या चित्राबद्दल लोक काय बोलतील. हे दुसरे मनात आले, ते लपवत नाही. मी जागची हललेच नाही.

शालू उठली. तिने दोन्ही हातांनी हार उतरवला, एक फूलही पडू दिले नाही, आणि त्यांच्यापुढे धरला.

"आजोबा, द्येवाचा हार हाय. द्येवाला घाला."

ते गोंधळले. "पोरी, तुजा कोन ह्यो?"

"माझं मालक."

त्यांनी तिच्या कुंकवाकडे पाहिले. "मंग हायत व्हय?"

"ठावं न्हाई," शालू म्हणाली. "मला न्हाई, सरकारला न्हाई, कुनालाच ठावं न्हाई. म्हनून हार नगं."

हवालदारांनी हार घेतला. "चुकलं माजं, बाई," म्हणाले. पोरी म्हणाले नाहीत, बाई म्हणाले. आणि जाताना त्यांनी पुन्हा सलाम केला. तो चित्राला नव्हता.

दादा, तो परत येईल असे मी म्हणत नाही. जपान्यांच्या कैदेतली मुले गेल्या वर्षी घरी आली, त्यांत तो नव्हता. सरकारचे मृत मानल्याचे पत्रही आले. मला विचाराल तर तो गेला. शालूलाही आतून तसेच वाटत असावे. तुम्ही लिहिले आहे, "दाराला कुलूपही नाही आणि दार उघडेही नाही, अशा घरात किती दिवस राहायचे?" हे वाचून मी रडले. तुम्ही बाप आहात. तुम्हाला शेवट हवा आहे, यात काही चूक नाही. पण तुमच्या शेवटासाठी तिचे कपाळ का?

आज सकाळी मी तिला विचारले, इथे राहतेस का? शिकतेस का?

"मामंजी रागावतील."

"रागावतील," मी म्हटले.

"आन त्ये आलं तर?"

"तर न्यायला इथे येईल."

"न्हाई आलं तर?"

इतकी पुस्तके वाचली, रोज रात्री डायरीत स्वतःची उलटतपासणी घेते, आणि एक वाक्य सुचेना. तिनेच सांगितले, "तर कुंकू पुशीन. पन माझं मी. ज्या दिशी माझ्या मनाला कळंल त्या दिशी. दुसऱ्या कुनी न्हाई." आणि मग, "शिकते."

एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. माझ्या वेळी मी वीस वर्षांची होते. माझे कपाळ कुणी पुसले ते मला आठवत नाही. मला कुणी विचारले नाही, एवढेच आठवते. पण पुढच्या वर्षी तुम्ही आला होता. आपल्या आबांशी भांडून, घोडा अंगणातच उभा ठेवून आत आलात आणि म्हणालात, "विजू, शिकतेस?" सगळ्या घरात तेवढा एकच प्रश्न मला कुणी विचारला. आज शालूला विचारला तो तुमचाच. माझ्याजवळ दुसरा नव्हता.

म्हणून स्पष्ट लिहिते. हे चित्र मी पाठवणार नाही. दुसरेही काढणार नाही. तुम्हाला हार घालायला चित्र हवेच असेल तर पेठेत तयार धडे अजून पडून आहेत, फोटो द्या, कुणीही तोंड भरून देईल. बाप म्हणून तो तुमचा अधिकार आहे, मी त्यावर शब्द काढणार नाही. मात्र ते भिंतीवर लागले तरी शालू तिकडे येणार नाही. ती माझ्याकडे राहील आणि सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला बसेल. सिद्धू आज सकाळच्या गाडीने खंडाळ्याला गेला. तो तिच्या वडिलांना सांगेल. लोकांना जे सांगायचे ते माझ्या नावावर सांगा.

हे पत्र वहिनीसाहेबांना तुम्हीच वाचून दाखवा. वाचून दाखवणारी इथे आहे. कुठेही गाळू नका, चंद्रग्रहणसुद्धा.

प्रदर्शन संपले. रस्त्याचा पडदा याकूबभाई गुंडाळून परत नेत होते, मग काय वाटले कुणास ठाऊक, तो मला देऊन गेले. माझ्या खोलीत मावत नाही. अर्धाच उलगडून भिंतीला लावला आहे आणि त्याच्यापुढे नाथाजी बसला आहे, दाराकडे तोंड करून. तो पट्टी बांधतो आहे की सोडतो आहे, हे मी आता कुणाला सांगत नाही.

ऊस तुटला की एकदा या. तुमच्या डोळ्यांनी पाहा आणि मग मला काय बोलायचे ते बोला. मिरजेला गाडी बदलावी लागते, मी स्टेशनवर येईन.

येताना हार आणू नका.

तुमचीच
विजू