किलो गुणिले मीटर

३ मार्च, सकाळी ७
नात भौतिकशास्त्रात नापास. पन्नासपैकी अकरा. फेरपरीक्षा सोळा तारखेला. त्यातही गेली तर वर्ष वाया. मुलगा म्हणाला, शिकवणी लावू. मी म्हटलं, घरात विहीर असताना पाण्याला बाहेर कशाला? एकतीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. नट-बोल्ट आवळणं म्हणजे टॉर्कच, फिरवणारा जोर. बाकीचं वाचून वाचून स्वतः शिकलोय. यावर सगळे गप्प. याला संमती म्हणतात.
निश्चय : रोज दहा गणितं.

५ मार्च
दोन झाली. पाया भक्कम हवा. बिजागरीजवळ ढकललं तर दाराला जोर जास्त लागतो, कडेला कमी. पटावं म्हणून कपाटाच्या दारावर दाखवलं. हँडल हातात आलं. सून म्हणाली, बाबा, आता कपाट उघडायचं कसं? मी म्हटलं, बिजागरीजवळून, जास्त जोर लावून. तिला विषयात गोडी नाही.

७ मार्च
आज प्रवेग. जोर दुप्पट, तर प्रवेग दुप्पट. तेच कपाट आधी एका हाताने ढकललं, मग दोन्ही हातांनी. दोन्ही वेळा प्रवेग शून्य. शून्याची दुप्पट शून्यच, म्हणजे नियम खरा. ही म्हणाली, कपाट जागचं हललं नाही, तुमची कंबर मात्र हलली.
संध्याकाळी शेक. गणितं शून्य.

९ मार्च, दुपारी ४, पडूनच
पुस्तकात घोडचूक! आडव्या दांडीवर, आधारापासून अर्ध्या मीटरवर, सहा किलोचं वजन टांगलंय. टॉर्क किती? सहा गुणिले अर्धा, तीन. पुस्तक म्हणतं २९.४. आमच्या कारखान्यातल्या पान्यावर आकडे किलोतच होते, मला कोण शिकवणार? पुढचं गणित तपासलं. तिथेही जवळजवळ दहापट. त्याच्या पुढचंही तसंच. छापखान्यात कुणाचं लक्षच नाही. सगळी उत्तरं लाल पेनाने दुरुस्त केली.

११ मार्च
नात म्हणाली, आजोबा, वर्गातल्या बाईंचं उत्तरही पुस्तकाशीच जुळतं. मी म्हटलं, बाई त्याच पुस्तकातून शिकल्या असणार. माझा एक बोल्ट कधी सैल निघाला नाही. ती म्हणाली, बरं. विश्वास म्हणतात तो हाच.

१५ मार्च
शंभरावर व्हायची होती, एकोणीस झाली. पण मुरलेली एकोणीस. उद्या पेपर. तिला एकच मंत्र दिला : किलो गुणिले मीटर, डोळे मिटून.

१६ मार्च
पेपर कसा गेला विचारलं. म्हणाली, ठीक. नजरेला नजर देईना. भारावली असावी.

२४ मार्च, सकाळी १०
पन्नासपैकी त्रेचाळीस!!

२४ मार्च, दुपारी १२
दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा शिंपी, सगळ्यांना सांगून आलो. शिंप्याने विचारलं, माझ्या मुलीलाही शिकवाल का? थोडे आढेवेढे घेऊन हो म्हटलं.

२४ मार्च, संध्याकाळी ६
उत्तरपत्रिका पाहिली. टॉर्कच्या गणितात तिने किलोंना आधी ९.८ ने गुणलंय. तरी पूर्ण मार्क. म्हटलं, हे ९.८ कुठून उपटलं? म्हणाली, आजोबा, किलो म्हणजे जोर नव्हे. पृथ्वी ओढते तो जोर. ९.८ ने गुणलं की न्यूटन येतात, आणि पुस्तकात सगळं न्यूटनमध्येच असतं. तुमचं उत्तर जुळत का नाही, हे शोधायला मी रोज पहाटे उठून प्रत्येक गणित पुन्हा करायचे. म्हणून तर पक्कं झालं.
मग तेव्हाच का नाही बोललीस, विचारलं.
म्हणाली, तुम्ही कंबर धरून शिकवत होतात.

२५ मार्च
शिंप्याला कळवलं, प्रकृती बरी नसते. आजपासून नात माझा अभ्यास घेणार आहे. पहिली चाचणी झाली. दहापैकी दोन. तेही अक्षर चांगलं म्हणून.