तीन कॉलेजांचा एक तास

१४ जुलै
समन्वयक झालो! विचारलं नाही, सांगितलं. आमचे प्राचार्य विठ्ठलराव सकाळी केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "अभिमन्यू सर, बीड, माजलगाव अन् आपलं नेकनूर — तिन्ही कॉलेजं मिळून ऑनलाइन शिकवणार. ज्याच्याकडं ज्या विषयाचा माणूस न्हाई, त्यानं दुसऱ्याचा घ्यायचा. तुमी बघा." बारा वर्षं भूगोल शिकवला. आता हे बघतो.

२२ जुलै
बीडला पहिली मीटिंग. तीन तास. त्यात शिकवण्यावर अकरा मिनिटं — घड्याळ लावून बघितलं. बाकी सगळा वेळ बॅनरवर! माजलगावचे प्राचार्य त्रिंबकराव उठून उभेच राहिले. "आमचं नाव खाली कावून? धरण आमच्याकडं, कारखाने आमच्याकडं!" धरणाचा इथं काय संबंध, कोणी विचारलं नाही. बीडवाल्यांचं एकच — जिल्ह्याचं ठिकाण वर असतं. शेवटी तिन्ही नावं गोलात लिहायचं ठरलं. आता वाचणाऱ्यानं मान वाकडी करायची. टाळ्या!

२९ जुलै
याद्या आल्या. तिघांनी मिळून द्यायला तयार असलेले विषय एकोणीस. घ्यायला तयार — शून्य! घ्यायचं म्हणजे आपल्याकडं माणूस नाही हे कबूल करायचं. आमच्याकडं फिजिक्सला दोन वर्षं कोणी नाही. म्हटलं, साहेब, तेवढं तरी घेऊ. विठ्ठलराव दचकले. "आवो, विद्यापीठाच्या तपासणीत आपण कागदावर माणूस दाखवलाय. आता कसं न्हाई म्हणायचं?"

५ ऑगस्ट
उद्घाटनाच्या पत्रिका छापून आल्या. विषयाचा पत्ता नाही. आज विठ्ठलरावांनीच तोड काढली — "भूगोल घ्या. तुमी बसलाव ना हितं, मग कोण म्हणंल आपल्याकडं माणूस न्हाई?" म्हणजे ज्याची गरज नाही, तेच घ्यायचं! बाहेर येऊन पोटभर हसलो.
धडा नकाशा प्रक्षेपणाचा — गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवायची. शिकवणार माजलगावच्या मंजुषा मॅडम. नोकरीला लागून दोनच वर्षं झालीत म्हणे. बघू काय दिवे लावतात.

१८ ऑगस्ट
झालं एकदाचं उद्घाटन. हार, शाली, भाषणं. त्रिंबकराव माजलगावहून पडद्यावर पंचवीस मिनिटं बोलले — माइक बंद! नुसते हात आणि ओठ हलतायत. एवढ्या मोठ्या माणसाला सांगायचं कोणी? मीही सांगितलं नाही. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बीडवाले म्हणाले, फार मोलाचे विचार.
मंजुषा मॅडमना उरली सात मिनिटं. त्यांनी एक मोसंबी घेतली. पेनानं तिच्यावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या, सोलली, साल टेबलावर दाबली. "हिला कुठंच न फाडता सपाट करून दाखवा." आमची पोरं बाकावर पुढं सरकली. माझ्या तासाला मागं रेलतात.

२५ ऑगस्ट
मॅडमचे चार तास झाले. व्हरांड्यात बबिता भेटली. तिसऱ्या वर्षाला आहे, आईबाप मेंढरं घेऊन सहा-सहा महिने बाहेर, घरातून कॉलेजात आलेली ही पहिलीच. तोंडभर हसत — "सर, प्रक्षेपण लई सोपं हाय की! मला वाटायचं माझंच डोकं चालत न्हाई. कॉलेज सोडणार व्हते मी."
मग आठवलं असणार, हाच भाग मागच्या वर्षीही होता आणि तो कोणी शिकवला ते. "म्हंजे... तसं न्हाई, सर."
मीही हसलो. कसलं हसणं ते!

२६ ऑगस्ट
विठ्ठलरावांना जाऊन सांगितलं — भूगोलाचं ऑनलाइन बंद करू. रेंज धड नाही, पोरांना सवय नाही, आणि माणूस आपल्याकडं आहेच की. ते खूश! "तसा अहवाल द्या. तुमी समन्वयक हाव, तुमचाच शब्द शेवटचा."
अहवाल लिहिला. दीड पान. भाषा उत्तम जमलीय.
आता इथं खरं लिहितो. याच धड्यातलं शंकू प्रक्षेपण मला कधी कळलंच नाही. माझ्या सरांनी नोट्स सांगितल्या, मी उतरवून घेतल्या. त्याच बारा वर्षं सांगतोय. कोणी शंका विचारली की म्हणतो, पेपरला एवढं येत नाही. पोरं गप्प बसतात. बबिताही बसली होती.
अहवालावर सही मात्र केली.

३० ऑगस्ट
अहवाल द्यायला निघालो तर वर्गात मॅडमचा तास चालू. मागच्या बाकावर टेकलो. नेमकं शंकू प्रक्षेपण! पडद्यावरून मॅडम म्हणाल्या, "नेकनूर, ते मागं कोण बसलंय? कळलं का तुम्हाला?" बबिता गडबडली — "मॅडम, ते आमचे सर हायत."
मी उभा राहिलो. "न्हाई कळलं, मॅडम. परत सांगा."